विश्लेषण : गाठ बेंबीत, कर्करोग स्वादुपिंडात! पेशी इतक्या दूर कशा पोहोचतात?

स्वादुपिंडाचा कर्करोग पसरतो तो प्रामुख्याने यकृत, उदरपोकळीचे आवरण आणि फुप्फुसांत. मात्र काही मोजक्या रुग्णांत आजाराची पहिली खूण बेंबीत, मानेत, डोक्याच्या त्वचेवर किंवा मांडीच्या स्नायूत दिसते. अशा वेळी दिसणाऱ्या गाठीवर उपचार सुरू होतात आणि मूळ आजार पोटात वाढत राहतो. ज्या आजारात आठवडेही मोलाचे असतात, तिथे ही चुकामूक महागात पडते. कर्करोगाच्या पेशी अशा आडवाटेच्या ठिकाणी का पोहोचतात, त्या कशा ओळखतात आणि ओळखल्याने रुग्णाला नेमका काय फायदा होतो, याविषयी...

स्वादुपिंडाचा कर्करोग इतका उशिरा का सापडतो?

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झाले, तेव्हा हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. जगभरात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे आकडे इतके जवळ असणे, यातच आजाराचे गांभीर्य दिसते. अमेरिकेच्या ताज्या आकडेवारीनुसार निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण १३ टक्के आहे. आजार दूरवर पसरल्यावर निदान झाले, तर ते ३ टक्क्यांच्या आसपास येते.

याचे पहिले कारण जागेत आहे. साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे दडलेला असतो. हाताने पोट तपासून त्यातली छोटी गाठ लागत नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली, तर ती पित्तनलिका दाबते, कावीळ होते आणि निदान तुलनेने लवकर होते. शेपटीकडच्या भागात गाठ झाली, तर दाबले जाईल असे जवळ काही नसते. अपचन, भूक मंदावणे, वजन उतरणे, पाठीत बोथट दुखणे अशा, कशालाही चिकटवता येतील अशा तक्रारी असतात. त्यामुळे निदान होते तेव्हा जवळपास निम्म्या रुग्णांत आजार दूरच्या अवयवांत गेलेला असतो. शस्त्रक्रियेने गाठ काढता येईल असे रुग्ण जेमतेम १५ ते २० टक्के असतात.

पसरण्याचे नेहमीचे मार्ग कोणते?

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटून दुसऱ्या अवयवात नवी गाठ तयार करतात, याला वैद्यकीय भाषेत मेटास्टॅसिस म्हणतात. स्वादुपिंडाच्या बाबतीत पहिला मार्ग रक्ताचा. पचनसंस्थेतील बहुतेक अवयवांप्रमाणे स्वादुपिंडातले रक्तही थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते. कल्याण जंक्शनवर प्रत्येक गाडी थांबावी, तशी सुटलेल्या पेशींची पहिली थांबण्याची जागा यकृत असते. म्हणूनच तिथे गाठी सर्वाधिक आढळतात. यकृतातून निसटलेल्या पेशी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत जातात आणि तिथल्या केशवाहिन्यांच्या जाळीत अडकतात. दुसरा मार्ग थेट उदरपोकळीचा : गाठीच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या पेशी पोटाच्या आतील आवरणावर रुजतात, पोटात पाणी साचते. तिसरा मार्ग लसिका वाहिन्यांचा, म्हणजे शरीरातील द्रव आणि रोगप्रतिकारक पेशी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा.

या तीन मार्गांवरची ठिकाणे डॉक्टर नेहमीच तपासतात. प्रश्न येतो तो या यादीबाहेरच्या जागांचा.

कोणत्या जागा ‘अनपेक्षित’ मानल्या जातात?

मेंदूत गाठ होण्याचे प्रमाण या कर्करोगात एक टक्क्याहूनही कमी आहे. त्वचा, त्यातही बेंबी आणि डोक्याची त्वचा, हाता-पायाचे स्नायू, थायरॉइड, हृदयाचे आवरण, वृषण, डोळ्याचा आतला पडदा, हिरड्या आणि जबडा अशा ठिकाणी स्वादुपिंडातील पेशी सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बहुतेक नोंदी एकेका रुग्णाच्या आहेत. त्यामुळे त्यांतून टक्केवारी काढता येत नाही, आणि ‘अंगावर गाठ आली म्हणजे स्वादुपिंड’ असा निष्कर्ष तर मुळीच काढता येत नाही. अंगावरच्या बहुतांश गाठी चरबीच्या किंवा संसर्गाच्या असतात.

तरीही या नोंदींना महत्त्व आहे, कारण त्यातील काही रुग्णांत बाहेर दिसणारी ही गाठ हेच आजाराचे पहिले लक्षण होते. हा रुग्ण सुरुवातीला कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो त्वचारोगतज्ज्ञाकडे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे जातो.

बेंबीतील गाठीला परिचारिकेचे नाव का?

याची सर्वात प्रसिद्ध कथा अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर शहरातली आहे. तिथल्या सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी या डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रिया सहायक होत्या. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना त्यांच्या लक्षात आले, की ज्यांच्या बेंबीत टणक गाठ लागते, त्यांच्या पोटात बहुधा पसरलेला कर्करोग निघतो. डॉ. मेयो यांनी १९२८ मध्ये या खुणेबद्दल लिहिले. पुढे १९४९ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद हॅमिल्टन बेली यांनी तिला ‘सिस्टर मेरी जोसेफ गाठ’ हे नाव दिले. तोवर सिस्टर मेरी जोसेफ यांचे निधन होऊन दहा वर्षे झाली होती. वैद्यकशास्त्रातल्या बहुतेक खुणांना डॉक्टरांची नावे आहेत. परिचारिकेच्या नावाने ओळखली जाणारी ही विरळा खूण.

पोट आणि ओटीपोटातील कर्करोगांच्या १ ते ३ टक्के रुग्णांत अशी गाठ आढळते. जठर, बीजांडकोश, मोठे आतडे आणि स्वादुपिंड हे तिचे प्रमुख स्रोत. स्वादुपिंडाच्या बाबतीत ती बहुधा मधल्या किंवा शेपटीकडच्या भागातील गाठीशी जोडलेली असते. म्हणजे ज्या भागातला आजार कावीळ दाखवत नाही, नेमका त्याचीच खूण बेंबी दाखवते. मात्र बेंबीतल्या या गाठीला हर्निया, गळू किंवा साधा संसर्ग समजण्याची चूक सहज होते.

पेशी बेंबीपर्यंत किंवा मानेपर्यंत कशा जातात?

बेंबी हे जन्माआधीच्या वाहतुकीचे बंद पडलेले स्थानक आहे. गर्भात नाळेतून येणारी शीर बेंबीतून यकृताकडे जाते. जन्मानंतर ती बंद होते, पण तिचा दोरीसारखा अवशेष यकृत आणि बेंबी यांच्यामध्ये आयुष्यभर राहतो. त्या भोवतीच्या बारीक शिरा आणि लसिका वाहिन्यांतून पेशी बेंबीपर्यंत येऊ शकतात. शिवाय उदरपोकळीचे आवरण बेंबीच्या अगदी मागेच असते, त्यावर रुजलेला आजार तिथूनही पुढे सरकतो.

मानेतल्या गाठीचे गणित वेगळे. पोटातून वर जाणारी शरीरातील सर्वात मोठी लसिका वाहिनी डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी रक्तवाहिनीत रिकामी होते. म्हणून पोटातल्या कर्करोगाची लसिका ग्रंथीतील दूरची गाठ डाव्या गळपट्टीच्या हाडावर लागते. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी १८४८ मध्ये तिचे वर्णन केले आणि आजही तिला ‘विर्चो गाठ’ म्हणतात.

मणक्यापर्यंत जाण्याची वाट १९४० मध्ये अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी दाखवली. कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना, शिंकताना किंवा जोर लावताना पोटातला दाब वाढला, की रक्त या जाळ्यात उलट शिरू शकते. म्हणजेच यकृत आणि फुप्फुस ही दोन्ही स्थानके टाळून पेशी थेट कण्याकडे आणि तिथून कवटीकडे जाऊ शकतात.

मग सगळीकडेच गाठी का होत नाहीत?

रक्त तर शरीरभर फिरते. स्नायू हे शरीराच्या वजनाच्या साधारण ४० टक्के असतात, त्यांना भरपूर रक्तपुरवठा असतो. तरी तिथे गाठी क्वचितच होतात. प्लीहेची रोहिणी तर स्वादुपिंडाला खेटूनच जाते, पण रक्तावाटे प्लीहेत होणारी गाठ दुर्मीळ आहे. केवळ वाहतुकीच्या नकाशाने याचे उत्तर मिळत नाही.

ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांना १८८९ मध्ये हाच प्रश्न पडला होता. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ महिलांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी पाहिल्या आणि ‘बी आणि माती’ हा सिद्धान्त मांडला. झाडाचे बी वाऱ्याने सगळीकडे उडते, पण योग्य माती मिळेल तिथेच रुजते. तसेच कर्करोगाच्या पेशींचेही आहे. स्नायूंचे सततचे आकुंचन आणि तिथे तयार होणारे लॅक्टिक आम्ल ही त्यांच्यासाठी खडकाळ जमीन असावी, असे मानले जाते.

अलीकडच्या संशोधनाने या सिद्धान्तात मोठी भर घातली. बी पोहोचण्याआधी मातीची मशागत होते, असे त्यातून दिसले. न्यूयॉर्कमधील डेव्हिड लायडन यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवले, की स्वादुपिंडातील गाठ एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या रक्तात सोडते. त्या यकृतातील ठरावीक पेशींना जाऊन मिळतात आणि तिथे पुढे येणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना राहण्याजोगे वातावरण तयार करतात. या पिशव्यांच्या पृष्ठभागावर कोणती प्रथिने आहेत, त्यावर त्या फुप्फुसाकडे जाणार की यकृताकडे, हे ठरत असल्याचेही त्याच वर्षी समोर आले. हे प्रयोग मुख्यत: उंदरांवर झाले आहेत. पण पत्ता आधी लिहिलेला असतो, या कल्पनेला त्यांनी बळ दिले.

पसरणे शेवटी सुरू होते की आधीच?

यावर दोन महत्त्वाचे अभ्यास आहेत आणि ते दोन दिशांना खेचतात. २०१० मध्ये अमेरिकेत सात रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदलांचा अभ्यास झाला. पहिल्या बदलापासून प्रत्यक्ष कर्करोगाची पहिली पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षे आणि त्यानंतर पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान पाच वर्षे लागतात, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे आजार पकडायला वेळ आहे. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात मात्र, स्पष्ट गाठ दिसण्याआधीच स्वादुपिंडातील पेशी रक्तात उतरल्याचे दिसले. म्हणजे वेळ वाटतो त्याहून कमी आहे.

सर्व रुग्णांत आजार सारखा वागत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात ७० टक्के रुग्णांत आजार दूरवर पसरलेला होता, तर ३० टक्क्यांत मुख्य हानी जागच्या जागीच झाली होती. ‘एसएमएडी ४’ या जनुकाचे काम बंद पडलेल्या गाठी जास्त पसरत असल्याचे त्यात आढळले. भविष्यात अशा जनुकीय खुणांवरून पसरण्याचा कल आधीच ओळखता येईल, अशी आशा आहे.

दूरची प्रत्येक खूण म्हणजे पसरणे का?

नाही, आणि हा फरक उपचारासाठी निर्णायक ठरतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे पोटरीत रक्ताची गुठळी होऊन पाय सुजू शकतो. फ्रेंच डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये कर्करोग आणि गुठळ्यांचे हे नाते मांडले होते. काही दुर्मीळ प्रकारांत स्वादुपिंडातील चरबी पचवणारे विकर रक्तात उतरते आणि पायांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. या गाठींत कर्करोगाच्या पेशी नसतात. पाठदुखीचे कारणही बहुतेक वेळा मणक्यातील गाठ नसून स्वादुपिंडामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात आजार शिरणे, हे असते.

पन्नाशीनंतर अचानक झालेला मधुमेह हाही असाच एक इशारा. मात्र असा मधुमेह झालेल्या साधारण १०० जणांपैकी एकाला पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो, उरलेल्या ९९ जणांना नाही. म्हणून केवळ मधुमेह झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खाणे न बदलता वजन उतरत असेल, तर मात्र पोटाची तपासणी टाळू नये.

मूळ अवयव कसा ओळखला जातो?

गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, याला पर्याय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथींसारखी रचना दिसली, की पॅथॉलॉजिस्ट विशिष्ट प्रथिनांचे रंग वापरून पेशींचे मूळ शोधतात. ‘सीके ७’ आणि ‘सीके १९’ ही प्रथिने असणे आणि ‘एसएमएडी ४’ नसणे, हे मिळून स्वादुपिंडाकडे बोट दाखवतात. यातला कोणताही एक रंग एकटा पुरेसा नसतो. त्यानंतर पोटाचा सीटी स्कॅन आणि गरजेनुसार पेट स्कॅन केला जातो.

‘सीए १९-९’ ही रक्ततपासणी अनेक जण परस्पर करून घेतात. पण साध्या खड्यामुळे कावीळ झाली तरी तिचा आकडा वाढतो, आणि ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही. त्यामुळे निरोगी माणसाच्या चाचणीसाठी ती उपयोगाची नाही. उपचार चालू असताना प्रगती पाहण्यासाठी ती कामी येते.

उलटा प्रवासही होतो. मूत्रपिंडाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर दहा-दहा वर्षांनी स्वादुपिंडात उगवल्याची उदाहरणे आहेत आणि त्याचे भवितव्य स्वादुपिंडाच्या स्वत:च्या कर्करोगापेक्षा बरेच चांगले असते. न्यूरोएन्डोक्राइन हा स्वादुपिंडाच्या गाठींचा आणखी एक, संथ प्रकार. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना तोच होता. निदान २००३ मध्ये, यकृत प्रत्यारोपण २००९ मध्ये आणि निधन ५ ऑक्टोबर २०११ रोजी. अवयव एकच, पण आजार वेगळे आणि औषधेही वेगळी. पेशींचे मूळ कळल्याशिवाय उपचार ठरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

चौथ्या टप्प्यात निदान होऊन उपयोग काय?

दूरच्या जागी पेशी सापडल्या म्हणजे आजार चौथ्या टप्प्यात आहे. तो पूर्ण बरा होण्याची शक्यता फार कमी असते, हे रुग्णाच्या घरच्यांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण ‘आता काही होणार नाही’ हेही खरे नाही. २०११ मध्ये चार औषधांच्या फॉल्फिरिनॉक्स या केमोथेरपीने सरासरी आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेले. ही औषधे झेपण्यासाठी अंगात ताकद असावी लागते. चुकीच्या निदानात गेलेले दोन महिने रुग्णाची नेमकी तीच ताकद काढून घेतात.

दुसरा फायदा जनुकीय चाचणीचा. आई-वडिलांकडून आलेला ‘बीआरसीए’ जनुकातील दोष असलेल्या रुग्णांत, केमोथेरपीनंतर ओलापरिब या गोळीने आजार रोखून धरण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, असे २०१९ मध्ये दिसले. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. हा दोष सापडला, तर भावंडे आणि मुले यांनाही स्वत:ची तपासणी करून घेता येते.

तिसरे म्हणजे एकट्यादुकट्या गाठीवर नेमका उपचार. हाडातील गाठीवर रेडिएशनने वेदना कमी होतात, मेंदूतील छोट्या गाठीवर नेमक्या मात्रेचे रेडिएशन देता येते. केवळ फुप्फुसात आजार असलेल्या रुग्णांचे भवितव्य यकृतात आजार असलेल्यांपेक्षा बरे असते. पाचपर्यंतच गाठी असलेल्या रुग्णांत केमोथेरपीसोबत त्या प्रत्येक गाठीवर उपचार केल्यास आजार अधिक काळ आटोक्यात राहतो, असे अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत २०२४ मध्ये दिसले. तिच्यात जेमतेम ४० रुग्ण होते, त्यामुळे हा सर्वांसाठीचा नियम होण्यास अवकाश आहे.

आपल्याकडे अडचण कुठे आहे?

भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. ही दिलाशाची बाब असली, तरी त्यामुळेच तो पटकन डोळ्यांसमोर येत नाही. मानेत गाठ दिसली की आपल्याकडे पहिला विचार क्षयरोगाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. पण साठीच्या माणसाच्या मानेत डाव्या बाजूला खाली टणक गाठ आहे, ताप नाही आणि वजन उतरते आहे, अशा वेळी सुईने नमुना न तपासताच टीबीची औषधे सुरू करणे घातक ठरू शकते. कापून काढलेली कोणतीही गाठ, मग ती ‘साधी चरबीची’ वाटली तरी, तपासणीसाठी पाठवली जाणे आणि तो अहवाल रुग्णाने स्वत: मागून घेणे, ही स्वस्तातली सर्वात मोठी खबरदारी आहे.

सरकारी चाचणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत. स्वादुपिंडासाठी सरसकट चाचणी जगात कुठेच केली जात नाही, कारण तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची आणि पहिल्याच वर्षी २०० केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. त्यामुळे केमोथेरपीसाठी मुंबईतील टाटा रुग्णालयाच्या दारात मुक्काम करण्याची वेळ अनेकांवर येणार नाही, ही अपेक्षा आहे. मात्र केमोथेरपी सुरू होण्याआधी निदान व्हावे लागते. त्यासाठी जिल्ह्यात पॅथॉलॉजिस्ट, पेशींचे मूळ ओळखणाऱ्या रंगचाचण्या आणि वेळेत मिळणारा सीटी स्कॅन लागतो. हे नसेल, तर बेंबीतली गाठ काढून टाके घातले जातील, जखम भरेल आणि रुग्ण केमोथेरपीच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल तेव्हा ती झेपण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसेल.